परिषद, जलसा आणि पडदा

(१)

दलित चळवळीचा इतिहास हा फार मोठ्या प्रमाणावर परिषदांचा इतिहास आहे. माणगाव, महाड, येवले, नागपूर ही नावे आपण उच्चारतो तेव्हा मनासमोर गाव येत नाही, परिषद येते. माणगाव म्हणजे मार्च १९२०. महाड म्हणजे मार्च आणि डिसेंबर १९२७. येवले म्हणजे १३ ऑक्टोबर १९३५. नागपूर म्हणजे जुलै १९४२, आणि पुढे १४ ऑक्टोबर १९५६. ज्या समाजाला गावच्या चावडीवर बसण्याची मुभा नव्हती, त्या समाजाने मंडप घालावा, अध्यक्ष निवडावा, ठराव मांडावा, त्याला अनुमोदन द्यावे आणि हात वर करून तो मंजूर करावा, ही घटनाच मुळात क्रांतिकारक होती. ठरावात काय होते हा प्रश्न त्यानंतरचा. ठराव करण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे त्या माणसांनी आधी कृतीने सिद्ध केले होते.

२०२७ हे महाडच्या परिषदांचे शताब्दी वर्ष. या निमित्ताने ग्रंथ निघतील, सभा होतील आणि चित्रपट व माहितीपटही निघतील. आजची तरुण पिढी इतिहास पुस्तकातून जितका घेते, त्याहून अधिक तो पडद्यावरून घेते, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून एक प्रश्न आताच विचारला पाहिजे. परिषदेचा चित्रपट करायचा म्हणजे नेमके काय करायचे? कॅमेरा कोठे ठेवायचा? व्यासपीठासमोर, की मंडपासमोर?

हा प्रश्न तंत्राचा वाटेल. पण तो तंत्राचा नाही, तो इतिहासदृष्टीचा आहे. आणि तो पुण्यात बसून विचारण्याला विशेष अर्थ आहे. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून येथे आली. तिच्याच आवारात १९६० साली सरकारी चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही येथेच सुरू झाले. चित्रपट करण्याची, शिकवण्याची आणि जपून ठेवण्याची साधने या एका शहरात एकवटली होती. याच शहरात मंडपात कोणाला बसू द्यायचे यावरून पन्नास वर्षे संघर्ष चालला होता. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय आपल्या परिषदांचे चित्र पडद्यावर का आले नाही, आणि आले तेव्हा अर्धेच का आले, हे कळणार नाही.

(२)

प्रथम पुण्याच्या मंडपांकडे पाहू.

१८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीराव फुले यांना निमंत्रण दिले. जोतीराव गेले नाहीत. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेशी आमच्या सभेचा मेळ बसणार नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी पाठवले आणि ते 'ज्ञानोदया'त छापून आले. त्या सभेला कोण कोण हजर होते हे आज फारच थोड्यांना सांगता येईल. कोण गेले नाही, हे मात्र महाराष्ट्राला माहीत आहे. कल्पना करा, या सभेचा चित्रपट करायचा आहे. सभागृह दाखवाल, पागोटी दाखवाल, भाषणे दाखवाल. पण त्या सभेतील सर्वांत महत्त्वाची घटना सभागृहात घडलेलीच नाही. ती भोवतालच्या शहरात, एका माणसाच्या लेखणीखाली घडली. सभागृहातून न हललेल्या कॅमेऱ्याला ती दिसणार नाही.

१८९५ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरले. काँग्रेसच्याच मंडपात सामाजिक परिषद भरवण्याची प्रथा होती. पुण्यातील विरोधकांनी ती मोडून काढली. मंडप जाळण्याची भाषा झाली. सामाजिक परिषदेला वेगळी जागा शोधावी लागली. पुढे 'जातिनिर्मूलना'च्या आपल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या प्रकरणाची आठवण करून दिली आहे. योगायोग असा की ते भाषण ज्या परिषदेसाठी लिहिले, ती लाहोरची परिषदही १९३६ साली रद्द झाली. भाषण वादग्रस्त आहे म्हणून परिषदच भरली नाही, आणि न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापून काढले. न भरलेल्या परिषदेचा इतका खोल ठसा अन्यत्र क्वचितच सापडेल.

१९१२ च्या ऑक्टोबरात विठ्ठल रामजी शिंदे यांनी पुण्यात अस्पृश्यतानिवारणाची परिषद घेतली. अध्यक्ष होते डॉ. रा. गो. भांडारकर. परिषद सहानुभूतीची होती, प्रामाणिक होती. पण तिचे व्यासपीठ मुख्यतः इतरांचे होते. याच शहरात शिवराम जानबा कांबळे हे १९०८ पासून 'सोमवंशीय मित्र' चालवत होते आणि आपल्या माणसांच्या सभा आपल्याच बळावर भरवत होते. दोन्ही प्रवाहांचे मोल वेगवेगळे आहे. एकात अस्पृश्य हा चर्चेचा विषय होता, दुसऱ्यात तो वक्ता होता. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा तर सभागृह उरलेच नाही. कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्यासह सत्याग्रही पायऱ्यांवर उभे राहिले. वरून दगड आले, राजभोज जखमी झाले. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे काही सवर्ण तरुण त्यांच्या बाजूने आले, हेही नोंदवले पाहिजे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. तो त्या काळी नव्हता असे नाही. १९०१ साली केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचे मुंबईला चौपाटीवर स्वागत झाले. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी ते फिल्मवर घेतले. भारतीय माणसाने केलेल्या अगदी पहिल्या वृत्तचित्रणांत त्याची गणना होते. हेच परांजपे पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १९०५ साली हिरालाल सेन यांनी कलकत्त्यात वंगभंगविरोधी सभेचे चित्रण केले. १९१७ च्या आगीत त्यांची फिल्म जळून गेली. सभा, मिरवणूक, सत्कार हे चित्रपटाचे अगदी प्रारंभीचे विषय होते. कोणाची सभा चित्रणाला योग्य, हे मात्र आधीच ठरलेले होते.

(३)

यात पैशाचा आणि फिल्मच्या लांबीचा भाग मोठा आहे. तो समजून घेतला पाहिजे, म्हणजे भावनेच्या भरात अन्यायकारक निष्कर्ष निघणार नाहीत.

पस्तीस मिलिमीटरची हजार फुटांची फिल्म बोलपटाच्या गतीने सुमारे अकरा मिनिटे चालते. दोन दिवसांच्या परिषदेची पंधरा तासांची बैठक धरली, तर ती संपूर्ण चित्रित करायला एक्याऐंशी हजार फूट फिल्म लागेल. एवढी फिल्म मोठमोठ्या कंपन्याही एका सभेवर खर्च करत नव्हत्या. म्हणून वृत्तपटवाल्यांनी एक ठराविक पद्धत बसवली: पुढाऱ्याचे आगमन, हार, व्यासपीठ, भाषणाची दोन वाक्ये, टाळ्या, समाप्ती. गर्दी दाखवायची ती टाळ्यांपुरती. ही पद्धत काटकसरीतून जन्मली आणि पुढे तीच सौंदर्यदृष्टी बनली. आज फिल्म लागत नाही, तासन् तास चित्रण फुकट होते, तरी आपण परिषद तशीच चित्रित करतो. कारण गेले आहे, सवय उरली आहे.

१२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये पंचम जॉर्ज बादशहाने पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन केले. वृत्तपटांनी त्या सोहळ्याची दखल घेतली. एकूण ८९ प्रतिनिधींत अस्पृश्यांचे दोन होते: डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन. सोहळ्याच्या चित्रात संस्थानिकांचे फेटे आणि हिरेमाणके उठून दिसतात. पण २० नोव्हेंबरला बाबासाहेबांनी त्या परिषदेत जे भाषण केले, ते जगाला कळले ते छापील कार्यवृत्तातून आणि वृत्तपत्रांतून. चित्राने वैभव टिपले, इतिहास कागदाने टिपला.

आणि मग ७ डिसेंबर १९५६. बाबासाहेबांची अंत्ययात्रा. लेखक आणि चित्रपटकार नामदेव व्हटकर यांनी स्वतःच्या हिमतीवर पैसा उभा केला, कॅमेरा मिळवला आणि ती यात्रा चित्रित केली. कोणत्याही कंपनीने त्यांना हे काम सांगितले नव्हते. आज त्या दिवसाची जी हलती दृश्ये आपण पाहतो, त्यांतील मोठा भाग या एका माणसाच्या धडपडीमुळे आहे. त्या चित्रणात एक गोष्ट आपोआप घडून आली. व्यासपीठच नव्हते. बोलणारा गेलेला होता. म्हणून कॅमेऱ्याला लोकांकडे पाहावे लागले. गच्चीवर, खांबावर, झाडावर चढलेली माणसे, रडणाऱ्या बाया, माणसांच्या त्या समुद्रातून पुढे सरकणारी गाडी. आपल्या समाजाचे पडद्यावरील पहिले मोठे सामूहिक चित्र हे असे शोकाचे आहे. महाडचे आनंदाचे आणि धैर्याचे चित्र असे आपल्याजवळ नाही.

(४)

महाडचे काय आहे आपल्याजवळ? कागद आहे आणि आठवण आहे. ३ एप्रिल १९२७ पासून निघालेले 'बहिष्कृत भारत' आहे. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या आयोजकांच्या आठवणी आहेत. या साधनांतून १९ आणि २० मार्च १९२७ चे दोन दिवस पुन्हा उभे करता येतात. त्यांत व्यासपीठाबाहेर केवढा ऐवज आहे ते पाहा.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे ते पहिले अधिवेशन. लोक पायी आले, भाकरी बांधून आले. तळ्याकाठच्या त्या गावात अस्पृश्यांना पाणी मिळणार नव्हते, म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. या एका आकड्यात महाडचा सगळा प्रश्न आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर पाणी खुले होते, मंडपात ते विकत आणावे लागत होते. परिषदेने ठराव केले ते सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे, वसतिगृहांना मदतीचे, मृत मांस खाण्याला बंदी करण्याचे आणि बोले ठरावाची अंमलबजावणी करण्याचे. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचवले की आता तळ्यावर जाऊ या. आणि चार-चारच्या रांगा करून माणसे निघाली. ठरावाकडून कृतीकडे जाण्याला एखाद्या भाषणाइतकाही वेळ लागला नाही.

नंतर अफवा उठली की हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. मंडपात परतलेली माणसे जेवत असताना त्यांच्यावर लाठ्या पडल्या. अन्न मातीत मिसळले. परिषदेचे चित्र काढायचे तर ते त्या ताटांपर्यंत गेले पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना हक्काची रजा असे ठराव तिथे झाले. देशात हिंदू कोड बिलाची चर्चा रंगण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. त्या स्त्रियांची नावे आणि आवाज आपल्याला मिळाले ते १९८९ साली, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना शोधून, घरोघर जाऊन, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले तेव्हा. ते पुस्तक वाचताना मला नेहमी वाटते की माहितीपट कसा करावा याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे. कॅमेरा नसताना केलेला माहितीपटच तो.

याहून जुना वस्तुपाठही आपल्याजवळ आहे, तो म्हणजे जलसा. सत्यशोधक जलशांची परंपरा होतीच. तिच्यातून आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे अनेक शाहीर महाडची, काळाराम मंदिराची, गोलमेजची वार्ता गावोगावी घेऊन गेले. वाचता न येणाऱ्या माणसाला परिषद कळली ती जलशातून. गण, बतावणी, सवालजवाब, गाणे यांतून ठराव जिवंत झाला. कर्डकांनी पुढे १९७८ साली या जलशांवर पुस्तकही लिहिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की जलशात बाबासाहेब पात्र म्हणून समोर असण्याची गरज नव्हती. समोर असे तो गावचा महार, त्याची बायको, सावकार, भट, शिकलेला पोर. परिषदेत जे ठरले ते या माणसांच्या घरात काय उलथापालथ करते, हे जलसा दाखवत असे. परिषदेचे दृश्यरूप करण्याची कला अशी आपल्याच वस्तीत, हलगी-ढोलकीच्या साथीने जन्मली. चित्रपटाने ती उचलली नाही.

(५)

चित्रपटाने काय केले ते आता पाहू. दोष दाखवण्याच्या हेतूने नव्हे. प्रत्येकाने कोणती वाट काढली हे समजावे म्हणून.

प्रभातने १९३५ साली पुण्यात 'धर्मात्मा' काढला. एकनाथांच्या निमित्ताने अस्पृश्यतेचा विषय पडद्यावर आला. त्याच वर्षी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पडद्यावरचा संत अस्पृश्याला जवळ घेत होता, आणि मंडपातील अस्पृश्य त्या धर्मातूनच बाहेर पडण्याचा निर्णय ऐकत होता. या दोन गोष्टींमधील अंतर हे त्या काळच्या उदार सवर्ण कलेचे आणि आपल्या चळवळीचे अंतर आहे.

आचार्य अत्रे यांचा 'महात्मा फुले' १९५४ चा. त्यात गाडगेबाबा स्वतः कीर्तन करताना दिसतात. कथापट सांगता सांगता अत्र्यांनी खऱ्या माणसाला खऱ्या कीर्तनासह पडद्यावर आणले. दोनच वर्षांनी गाडगेबाबा गेले. ती काही मिनिटे आज दस्तऐवज झाली आहेत. कथापटातही दस्तऐवज जपता येतो, एवढे यातून शिकता येते.

डॉ. जब्बार पटेल हे पुण्याच्या रंगभूमीवर वाढलेले दिग्दर्शक. त्यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या इंग्रजी चित्रपटाच्या पटकथेत सूनी तारापोरवाला, अरुण साधू यांच्याबरोबर दया पवार होते. मामुट्टी यांना बाबासाहेबांच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला. महाड, गोलमेज, पुणे करार, दीक्षा असा प्रचंड पट त्यात आहे आणि त्यामागचे परिश्रम निर्विवाद आहेत. परंतु तो चरित्रपट आहे. चरित्रपटाचा स्वभावच असा की परिषद ही नायकाच्या आयुष्यातील एक पायरी होते आणि मंडपातील हजारो माणसे नायकामागची पार्श्वभूमी होतात. चळवळीने याहून वेगळी अपेक्षा चरित्रपटाकडून करू नये. तिने वेगळा चित्रपट मागावा.

श्याम बेनेगल यांची २०१४ ची 'संविधान' ही दहा भागांची मालिका या दृष्टीने अधिक अभ्यासनीय आहे. संविधानसभा हीही एक प्रदीर्घ परिषदच. ९ डिसेंबर १९४६ ते २४ जानेवारी १९५० या काळात ती चालली. तिचे शब्दन् शब्द लघुलेखकांनी उतरवले आणि ते बारा खंडांत छापले गेले. म्हणूनच बेनेगलांना प्रत्येक सभासदाला त्याच्या स्वतःच्या युक्तिवादासह उभे करता आले. मतभेद हेच तिथे नाट्य झाले. परिषदेचा चित्रपट केवळ स्तुतीचा न होता विचारांच्या झगड्याचा होऊ शकतो, हे या मालिकेने दाखवले. पण त्यासाठी आधी नोंद हवी. ज्यांच्यामागे राज्यसत्ता असते, त्यांना लघुलेखक मिळतो. महाडच्या मंडपाला तो कोण देणार होते?

आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'ने (२०११) वेगळी वाट धरली. ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगरातील गोळीबारापासून, आणि त्यानंतर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येपासून सुरुवात करून तो चौदा वर्षे माणसांमागे चालत राहिला. पुण्याचा कबीर कला मंच त्यात आहे, सभा आहेत, गाणी आहेत, आणि मुख्य म्हणजे ती गाणी ऐकणारे चेहरे आहेत. सोमनाथ वाघमारे यांनी कोरेगाव भीमा आणि चैत्यभूमीवर जमणाऱ्या जनसागरावर माहितीपट केले. हा तर आपल्यातीलच तरुण, गर्दीच्या आतून पाहणारा. या चित्रपटांत जलशाची रीत पुन्हा सापडते. लोक हे पार्श्वभूमी न राहता कथन होतात.

(६)

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका परिषदेचे चित्रण आमच्या विद्यार्थ्यांनी केले. मोठ्या उत्साहाने केले. नंतर ते संकलित करायला बसलो. सात तासांचे चित्रण, आणि सातही तास फक्त वक्त्यांचा टेबल. एका ठिकाणी मात्र वक्ता बोलता बोलता थांबतो. मागून एका बाईचा आवाज येतो, "ठराव झाला, पण सफाईच्या कामावरल्या आम्हा बायांनी उद्या कुणाकडं जायचं?" वक्त्याचा चेहरा अवघडलेला दिसतो. कॅमेरा वळतच नाही. ती बाई कोण, कोणत्या वस्तीतली, हे त्या चित्रणावरून कोणालाही कधीच कळणार नाही. आमच्याच मुलांनी, आमच्याच परिषदेत, आमच्याच बाईला चौकटीबाहेर ठेवले. मी त्यांना दोष दिला नाही. त्यांनी जे पाहिले होते तेच केले. दोष आमच्या शिकवण्याचा होता.

आता याची दुसरी, अधिक गंभीर बाजू. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी, लढाईला दोनशे वर्षे होत असताना, कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. पुढे पुण्यात गुन्हा नोंदला गेला आणि परिषदेत काय बोलले गेले, काय गायले गेले हा फौजदारी तपासाचा विषय झाला. जानेवारी २०२० मध्ये तो तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. सोळा जणांना अटक झाली. त्यांपैकी स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच वारले. अटक झालेल्यांत आनंद तेलतुंबडेही होते. महाडच्या परिषदांवर २०१६ साली इंग्रजीत विस्तृत ग्रंथ लिहिणारा हा अभ्यासक १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दिवशी, तपास यंत्रणेपुढे हजर झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांची जामिनावर सुटका झाली. एका परिषदेचा इतिहासकार दुसऱ्या परिषदेच्या प्रकरणात तुरुंगात जातो, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

धडा मात्र घेतला पाहिजे. परिषदेची नोंद निरुपद्रवी नसते. ती तुमच्याजवळ अखंड नसेल, तर तिचे तुकडे दुसरा कोणी करील आणि त्या तुकड्यांचा अर्थही तोच लावील. वाक्य कापता येते, संदर्भ कापता येत नाही. पण संदर्भ मुळातच चित्रित केलेला नसेल तर त्याला कापावेही लागत नाही. मंडपाचे चित्र हाच भाषणाचा संदर्भ असतो. कोण आले होते, कशासाठी आले होते, काय खाऊन आले होते, ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होते, हे असेल तरच वक्त्याचे वाक्य त्याच्या जागी राहते.

शिवाय चित्रणही अमर नसते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील चित्रपटसंस्थेच्या आवारातील फिल्मसाठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातील अमूल्य नायट्रेट फिल्म जळाली. जिथे जपण्याची सर्व व्यवस्था होती तिथे असे झाले. कार्यकर्त्याच्या खिशातील मोबाइलचे काय होईल? तो हरवतो, बिघडतो, विकला जातो, आणि त्याबरोबर परिषद जाते. २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म्स डिव्हिजन या संस्था चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या. सरकारी संस्थांचे रूप असे बदलत राहते. आपली नोंद सांभाळण्याची जबाबदारी पूर्णपणे त्यांच्यावर टाकून मोकळे होता येणार नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने आपण वेगळ्या रीतीने काम सुरू करू या. महाडच्या चित्रपटाची सुरुवात तळ्यापासून करू नका, चाळीस रुपयांच्या पाण्यापासून करा. ते पाणी विकत आणावे लागलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांना शोधा. कोकणातील ज्या गावांतून लोक पायी आले, त्या वाटांनी चाला. घराघरांतील पेट्यांत वर्गणीच्या पावत्या, हस्तपत्रके, जलशाच्या वह्या अजून असतील, त्यांची छायाचित्रे घ्या. ज्या म्हाताऱ्या बायांना जलशातील गाणी येतात, त्यांना गाऊ द्या आणि मध्ये बोलू नका. आजच्या परिषदांचे चित्रण करताना निदान दोन कॅमेरे ठेवा आणि त्यांतला एक कधीही व्यासपीठाकडे वळवू नका. सगळे चित्रण कापण्यापूर्वी त्याच्या दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेतले, तर त्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही.

बाबासाहेबांचे भाषण कोणीही पुन्हा वाचू शकतो, ते छापलेले आहे. ते ऐकायला भाकरी बांधून आलेला माणूस मात्र छापलेला नाही. आणि आमच्या त्या चित्रणातील बाईच्या प्रश्नाचे उत्तरही अजून कोणी दिलेले नाही. पुढच्या परिषदेत ती पुन्हा उभी राहील तेव्हा निदान कॅमेरा तिच्याकडे वळलेला असावा.